साक्षगंधाआधी दिल्ली

५ जानेवारी १९६९, रविवार
शाळेचं पत्र आलं. दहावीच्या मुलांना सव्वीस जानेवारीसाठी दिल्लीला नेणार – परेड, लाल किल्ला, म्युझियम. गोपिकानं पत्र माझ्या हातात दिलं नाही, तक्क्याजवळ ठेवलं आणि आत गेली. म्हणजे पोरीच्या मनात फार आहे.

तिची आई तुळसाबाई म्हणाली, "पुढच्या महिन्यात साक्षगंध हाय पोरीचं. आता दिल्ली काहून दाखवता?"

"म्हणूनच. एकदा कळमेश्वरले नांदाले गेली का कोण नेते तिले?"

कळमेश्वरच्या चंपतरावांना मी त्यांच्या मुलासाठी शब्द दिला आहे; साक्षगंध झालं की लग्न पक्कं. आमच्या संत्र्याच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो, लेखी काही नसतं. वीस वर्षांत मी एक सौदा फिरवला नाही; टोपल्या वाहणारा मी, अडत्या झालो तो त्याच्यावरच. सोयरिकीचा शब्दही तिथंच दिला, ढिगाजवळ उभ्या उभ्या. मुलगा चांगला आहे. घरची बाग आहे.

११ जानेवारी
घोळ झाला. सोबत जाणाऱ्या एकुलत्या एक बाई, शोभाताई. त्यांचाच पाय मोडला. मुख्याध्यापक म्हणतात, बाईमाणूस नसेल तर चारही मुलींची नावं कापतो. गोपिका जेवली नाही.

१२ जानेवारी
ओसरीत दाढी करत होतो. आत गोपिका मैत्रिणीला हळूच सांगत होती – "नेलं तरी काय वं. दिल्ली पाहून आली का संपलं. मंग पुस्तकं बांधून ठेवाची."

माझे कान तिखट. बाजारात त्यांच्यावर पोट भरलं. आज वाटलं, ऐकलं नसतं तर बरं होतं.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ हातावर ठेवताना तुळसाबाईला म्हणालो, "तूच जा ना वं पोरींसंग."

"मी? वर्ध्याच्या पुढं गाडीत बसली नाही मी."

"म्हणूनच."

"तुमचं म्हणूनच मले माहीत हाय."

मग म्हणालो, लग्न ठरलेल्या पोरीवर आईची नजर असलेली बरी. या एका वाक्यावर राजी झाली. मुख्याध्यापकांनाही चाललं. आपल्याला माणसं वळवता येतात, हे खरं.

२१ जानेवारी
जी. टी. एक्सप्रेसनं गेल्या. गाडी हलली तरी तुळसाबाई खिडकीतून सांगतच होती – दूध झाकजा, मांजर येते. गोपिका माझ्याकडे पाहत नव्हती, गाडी जाणार तिकडे पाहत होती.

२४ जानेवारी
भात केला. करपला.

३० जानेवारी
आल्या. तुळसाबाईचा घसा बसला आहे, तरी बोलतेच आहे. "उंटावरले शिपाई! मिशा तं पाहाच्या होत्या तुम्ही." तिकडची थंडी, तिकडची पांचट भाजी. मग भाकर थापता थापता आवाज उतरला. म्युझियममध्ये माहिती सांगणारी एक पोरगी होती म्हणे, गोपिकाहून चार-पाच वर्षांनी मोठी. कोणती मूर्ती कुठली, सारं तोंडपाठ. हिनं तिला विचारलं, "बेटी, तेरी शादी?" ती हसली – "माँजी, अभी तो पढ रही हूँ."

"आपली गोपिका तिले सोडेच ना. हे कसं, ते काहून. बाकीची पोट्टी बाहेर फुटाणे खाऊन राहिली. शेवटी ते पोरगीच मले म्हणाली, माँजी, इसको पढाना."

"मंग?"

"मंग काही नाही. जेवा."

२ फेब्रुवारी, रविवार
तुळसाबाई सकाळच्या एसटीनं एकटीच निघाली. कुठं, ते सांगितलं नाही. दुपारी आली, पाय धुतले, पाणी प्याली.

"कळमेश्वरले जाऊन आली. चंपतरावाच्या घरी सांगतलं, साक्षगंध होत नाही. पोरगी मॅट्रिक करीन. त्याच्या पुढंही शिकन."

"मले विचारलं?"

"शब्द देताना तुम्ही मले विचारलं होतं?"

बाहेर येऊन बसलो. आत गोपिका अभ्यासाला बसली होती. नुसता पुस्तकाची पानं उलटल्याचा आवाज.

३ फेब्रुवारी
बाजारात चंपतरावांनी चार माणसांत विचारलं, "काहो, बाईनं तुमचा शब्द मोडला म्हणते?"

"बाईनं नाही," मी म्हणालो. "मीच पाठवलं होतं तिले."