बंद केलेल्या कार्डाची मर्यादा परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
क्रेडिट कार्ड विभाग, दुसरा मजला,
मुख्य शाखा.

विषय: मी स्वतःहून बंद केलेले, कधीही न वापरलेले कार्ड पुन्हा सुरू करून मिळणेबाबत.
संदर्भ: माझा मर्यादावाढीचा अर्ज नामंजूर केल्याचे आपले पत्र.

महोदय,

१. अर्जदार व्यवसायाने शिंपी असून बरीच वर्षे एकाच गाळ्यात कपडे शिवत आहे. आपल्या बँकेची दोन कार्डे माझ्याकडे होती. पहिल्याची मर्यादा एक लाख, दुसऱ्याची दीड लाख. दुसरे पत्नीने हट्टाने घ्यायला लावले. "असू दे, अडीअडचणीला हाताशी," असे तिचे म्हणणे. ते तिच्या बटणांच्या डब्यात पडून असे.

२. मार्चमध्ये पत्नी वारली. रुग्णालयाचे ऐंशी हजार मी पहिल्या कार्डावर भरले, कारण खिशात तेच होते. हप्ते चालू असून एकही चुकलेला नाही, पण तूर्त ते व्याजातच जातात. त्या दिवसांत घरी सगळे रडत होते आणि मी एका गिऱ्हाइकाच्या कोटाला अस्तर लावत होतो. मला काहीच वाटत नव्हते. हे विषयाला सोडून आहे, क्षमस्व.

३. पुढे मेहुणे म्हणाले, "दाजी, एकट्या माणसाला दोन-दोन कार्डं कशाला? नसती ब्याद." मला पटले. ज्या अडचणीसाठी ते ठेवले होते ती येऊन गेली होती. मी आपल्या खिडकीवर अर्ज दिला. तेथील बाईंनी कार्ड कापून टाकायला सांगितले. कात्री जवळ होतीच, त्यांच्यासमोरच कापले. "किती सफाईनं कापलंत हो," असे त्या म्हणाल्या. तेवढेच बरे वाटले. तुकडे मी घरी नेऊन पुन्हा डब्यात ठेवले.

४. त्यानंतर माझा क्रेडिट स्कोअर ७६२ वरून ६९१ झाला. मला वाटले, चुकून दुसऱ्याचा आला. आपल्या विभागातील साहेबांनी समजावले की पूर्वी अडीच लाखांच्या मर्यादेत ऐंशी हजारांची बाकी होती, म्हणजे तिसरा हिस्सा. आता एक लाखात ऐंशी हजार आहे. बाकी एका पैशानेही वाढलेली नाही. मर्यादा तेवढी आटली, आणि मी बेभरवशाचा ठरलो. खरे तर मला हे कळायला हवे होते. आम्ही प्रत्येक शिवणीच्या आत थोडे जादा कापड ठेवतो. ते कोणाला दिसत नाही, पण माणूस अंगाने सुटला की तेच कामी येते. आजवर मी कोणाच्या कपड्यातले ते कापलेले नाही. स्वतःचे मात्र कापून बसलो.

५. साहेब म्हणाले, स्कोअर वाढवायचा तर मर्यादा वाढवून घ्या. तसा अर्ज केला. आपले पत्र म्हणते, स्कोअर कमी असल्याने मर्यादा वाढवता येत नाही. ते पत्र घेऊन मी पुन्हा साहेबांकडे गेलो. त्यांनी ते वाचले आणि मला चहा पाजला. दुसरा उपाय बाकी एकदम फेडण्याचा. तेवढे असते तर कार्ड कशाला लागले असते?

६. निकड अशी की गाळ्याच्या नव्या मालकांना करार नवा करताना साडेसातशेच्या वर स्कोअर हवा आहे. महिनाअखेरपर्यंत तो न दाखवल्यास गाळा दुसऱ्याला जाईल. मशीन घरी नेता येईल. शेजारचे स्टूलही नेता येईल, ज्यावर बसून पत्नी काज करी. पण ती तिथे बसत असे, घरी नाही. हे लिहिताना मात्र काहीतरी वाटले.

७. सबब विनंती की सदर कार्ड पुन्हा सुरू करावे. मला पैसे नकोत. दीड लाखांतला एक रुपया वापरणार नाही, तसे लिहून देतो. हवे तर कार्ड आपल्याच तिजोरीत ठेवावे. मर्यादा तेवढी माझ्या नावावर असू द्यावी, अडीअडचणीला. नव्या कार्डाचा खर्च बँकेला पडू नये म्हणून जुनेच सोबत जोडत आहे.

आपला, अजूनही खातेदार,
(सही)
शिंपी, तळमजला, जिन्याखालचा गाळा
दिनांक: १९ जून

सोबत:
१. हप्ते भरल्याच्या पावत्या.
२. गाळामालकांची नोटीस.
३. सदर कार्ड. दोन्ही तुकडे चामड्याच्या सुईने जोडले आहेत. यंत्रात चालेल की नाही ते सांगता येत नाही, पण शिवण पक्की आहे.