दिल्ली, एका भाकरीवर

दादा,

आज तुम्हाला दिल्लीचं अंतर पुन्हा सांगावंसं वाटतं. पुसेगावच्या आपल्या वावरात कापूस वेचणी चालली होती आणि डोक्यावरून विमान गेलं. सगळ्या बाया ओटी सावरत वर बघत राहिल्या. तुम्ही मला विचारलंत, "हैदराबादहून दिल्लीला हे किती भाकरीत जात असंल गं?" आपल्या घरी अंतर भाकरीतच सांगत. वाटेत जितक्या वेळा शिदोरी सोडायची, तितकं गाव लांब. हिंगोली एका भाकरीवर, नांदेड तीन. मी तेव्हा हिंगोलीला आत्याकडे राहून शिकत होते. शाळेतल्या नकाशावर दोरा धरून मोजलं, सरळ रेषेत पावणेआठशे मैल भरले. गुरुजी म्हणाले, विमानाला सहा-सात तास पुरे. पुढच्या सुट्टीत ते सांगितलं, तर तुम्ही बैलाच्या पाठीवर थाप मारून हसलात. "म्हंजे एकच भाकर! मंग दिल्ली नांदेडच्या अलीकडंच की! पोरीला दिल्लीत दिली तरी चालंल." माय म्हणाली, "आधी तुमी वावरातून येळेवर घरी येत जा."

आता मी बी.ए. झाले आहे, आपल्या घरातली पहिलीच. निजामाचं राज्य जाऊन थोडेच दिवस झालेत, आणि दिल्लीला शिक्षिकांच्या प्रशिक्षणासाठी मला जागा मिळाली आहे. शिकून परत यायचं आणि पुसेगावात मुलींची शाळा काढायची, असं मनात आहे. बी.ए.साठी नागपूरला गेले, तिथपर्यंत मायनं सोसलं. दिल्ली म्हटल्यावर तिनं तोंड फिरवलं. आठ दिवस आमचं हेच चाललं होतं. काल ती चुलीपुढे बसली होती, मी जवळ जाऊन बसले.

"काहून जातीस इतकी लांब? माझं काही झालं तं?"

"विमानानं येईन, माय. हैदराबादपर्यंत सहा-सात तास. दादांनाही सांगितलं होतं मी."

"इमान तुला हैदराबादलाच टाकून देईल. तिथून रेल्वे, हिंगोलीहून बैलगाडी. अन् तार कोन करील, देवळातला मारुती?"

तुम्ही आणि मी नुसतं आभाळच मोजलं होतं, दादा. मला हसू आलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुझे दादा गेले तवा तू हिंगोलीलाच व्हतीस. गाडी जुपून मानूस धाडला, तरी भेट झाली न्हाई. मंग हिंगोली काय अन् दिल्ली काय? जा तू."

हे कुठे पाठवणार? कागद माझ्याजवळच राहील. पण एक गोष्ट तुम्हालाच सांगते. आठ दिवस मी तिच्या होकारासाठी भांडले. तो मिळाल्यापासून घरात तिच्या मागे मागे फिरते आहे. तिनं आणखी एकदा तरी "नको जाऊ" म्हणावं म्हणून.