थरथरणारा ळ

९ मार्च ९७
वाशीतल्या वेफरवाल्याची पाटी संपवली. माझं नेहमीचंच अक्षर, जाड ब्रशचं, तिरकं, एका दमात ओढलेलं. घरी शर्टाची बटणं निघेनात. उजवा हात कापतोय. सुमनने विचारलं, "अहो, काय झालं?" म्हटलं, थकलोय. झाकली मूठ. पेंटरचा हात गेला हे कळलं तर काम कोण देणार?

२२ मार्च
कॉम्प्युटरवाला मिलिंद आला. माझ्या अक्षराचा फॉन्ट करायचाय. "काका, तुमी फक्त मुळाक्षरं लिहून द्या, बाकी टेन्शन माझं. बोर्ड, बॅनर, लग्नपत्रिका, सगळीकडे तुमीच!" सगळीकडे मी, आणि मी घरी. तरी हो म्हटलं. हात राहिला नाही तर अक्षर तरी राहील.

२३ मार्च
क ते म झकास. पुढे हात भरून आला. ळ पार थरथरला. पुन्हा लिहिला, तसाच. मिलिंद खूश. "एकदम हातचं वाटतं, असाच ठेवू." ठेव बाबा.

११ जून
बोनकोड्यापासून वाशीपर्यंत पाट्यांवर माझं अक्षर. केळी वेफर, डोळ्यांचा दवाखाना, शाळेची दप्तरं. जिथे तिथे ळ कापतोय. वेफरवाल्यानेही माझी पाटी उतरवून मशीनची लावली. म्हणतो, "वाईट वाटून घेऊ नका, अक्षर तर तुमचंच हाय ना." फार राग आला. घरी येऊन कोरडेच ब्रश धूत बसलो.

६ ऑगस्ट
उरणचे नाखवा आले. नवी होडी, नारळी पौर्णिमेच्या आत तिच्यावर नाव लिहून हवंय. "मशीनचा कागद खाऱ्या पान्यात टिकत नाय. तुमचाच हात पायजे." त्यांच्या घरात होडीचं नाव एकदाच लिहितात. पुसून दुसऱ्यांदा लिहिलं तर ती होडी दर्यात घालत नाहीत. सगळं माहीत असून हो म्हणालो. गाढव.

१२ ऑगस्ट
जुन्या पत्र्यावर सराव. एकही रेघ सरळ नाही.
सुमन बाजारातून आली. पिशवी ठेवून म्हणाली, "दवाखान्याच्या पाटीवरचा ळ बघितला. तुमचा हात असा नव्हता. कधीपासून?"
म्हटलं, मशीनची चूक.
तिने चहा दिला. कप अर्धाच भरला होता. मला रडू आलं.

१७ ऑगस्ट, उरण
उद्या पौर्णिमा. सुमन हट्टाने बरोबर आलीय. होडी धुऊनपुसून उभी, नाखव्यांचं अख्खं घर जमलंय. त्यांची म्हातारी आई मला म्हणाली, "माजी पोरा जातान हिच्यान. नीट लिव रं." रंग कालवला आणि म्हटलं, आधी चहा घेऊन येतो.
टपरीवर बसून हे लिहितोय, डाव्या हाताने उजवं मनगट धरून. ते सगळे तिकडे उभेच आहेत.
सुमन विचारते, "मी सांगू का त्यांना?"
एवढं लिहून वही तिच्यासमोर सरकवतोय.