दोन बिल्ले

प्रिय मास्तरीणबाई,

अक्षर ओळखून पाकीट न फोडताच फेकून देऊ नकोस. तुझं लग्न ठरल्याचं ताईने फोनवर सांगितलं. तरी हे पत्र भांडायला लिहीत नाहीये. अभिनंदनाचंही नाही, एवढं मोठं मन माझं नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? तुझ्या दादाच्या हाती पडलं तर तुझ्याआधी तोच वाचेल, म्हणून तुझ्या शिवणवाल्या मैत्रिणीच्या दुकानावर पाठवतोय. एकदा शेवटपर्यंत वाच. मधेच लाल पेन काढू नकोस.

जहाजावर मला पाहिलं असतंस तर खूप हसली असतीस. प्रयोगशाळेच्या दाराची काच मुठीने फोडून, कॉलेज अर्धवट टाकून तणतणत निघालेला तुझा भडकू एका जहाजाच्या पोटात लोकांचे बूट धूत होता. मामाने नोकरी लावून दिली तेव्हा म्हणाला होता, जग बघशील. बघितलं, पण लोकांच्या बुटांच्या तळव्यांना चिकटून येईल तेवढंच. आमचं जहाज हौशी माणसांना पार दुनियेच्या टोकाला न्यायचं, जिथे ना बंदर, ना वस्ती. समुद्राचे लांब चिंचोळे फाटे डोंगरात घुसलेले, दोन्ही बाजूंना काळे उभे कडे, आणि टोकाला हिमनदी. तू चित्रात पाहिली असशील तशी पांढरीशुभ्र नाही ती. जवळून मळकी दिसते, आणि भेगांमध्ये आजारी निळी. अधूनमधून तिचा एखादा कडा पाण्यात कोसळतो. आवाज आपल्याला उशिरा ऐकू येतो, तोवर पडायचं ते पडून गेलेलं असतं.

अशा ठिकाणी माणसांना रबरी बोटींतून किनाऱ्यावर नेतात. उतरण्याआधी आणि परतल्यावर बूट घासून धुवायचे, इकडची माती, बी-बियाणं तिकडे जाता कामा नये, हा कडक नियम. मी खाली दाराशी ब्रश आणि पाण्याचा पाइप घेऊन बसायचो. माझ्या डोक्यावरच एक फळा होता. त्यावर प्रत्येक प्रवाशाचा एक बिल्ला, एक बाजू लाल, एक पांढरी. किनाऱ्यावर जाताना आपला बिल्ला लाल करायचा, परत आलं की पांढरा. आणि ज्याचा त्यानेच उलटायचा; नवऱ्याने बायकोचा नाही, आईने मुलाचा नाही. फळा सगळा पांढरा झाला की वरून निरोप जायचा, आणि किनाऱ्यावरचे वाटाडे शेवटची बोट काढायचे.

एका फेरीला एका गृहस्थाने आल्या आल्या घरातल्या सगळ्यांचे बिल्ले फटाफट उलटले, नि मी ओरडलो. चांगलाच ओरडलो; माझा आवाज तुला ठाऊक आहे. त्याने तक्रार केली. आमच्या सुपरवायझरला आम्ही मागून सासूबाई म्हणायचो. तर सासूबाईंनी मला त्या गृहस्थापुढे उभं करून माफी मागायला लावली आणि वर सुनावलं, तुझं काम बूट, फळा नव्हे. पुन्हा तोंड उघडलंस तर पुढच्या बंदराला सामान घेऊन उतर. हातातला ब्रश फेकून मारणारच होतो. पण तेव्हा तू आठवलीस. लायब्ररीच्या पायऱ्यांवर पाय हलवत म्हणायचीस ना, एकदा राग गिळून तर बघ, मरत नाहीस. म्हणून गिळला. तुला सांगायला हवं, असंही वाटलं. वेडाच मी.

शेवटच्या फेरीत एक म्हातारं जोडपं होतं. आजोबा आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करत आलेले, सगळं वेळेवर हवं. आजी अगदी उलट, प्रत्येक दगडापाशी थांबणारी. आजोबा पुढे जायचे, आजी मागे राहायची, आणि आजोबा मागे न बघताच म्हणायचे, आलीस ना? माझ्यावर आजीचा फार जीव. पाय पुढे करायची आणि म्हणायची, घास रे बुटवाल्या, नीट घास, मेल्यावरसुद्धा एवढं कुणी धुणार नाही मला. तुझ्याबद्दल मी जहाजावर फक्त तिला सांगितलं होतं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, ते सगळं ठीक आहे, पण ती काय म्हणाली? मी म्हटलं, तिचा भाऊ म्हणाला... तर मला मधेच तोडून म्हणाली, भावाचं नाही विचारलं मी. मला तिचा रागच आला. पाइप जोरात सोडला, तिचे मोजे भिजवले. ती नुसती हसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही होतो त्या फाट्यात धुकं उतरलं. सगळ्यांना घाईने परत बोलावलं. दाराशी ही गर्दी, ओले कोट, ढकलाढकली. आजोबा आले, बूट माझ्यापुढे धरले आणि हात लांबवून आपला बिल्ला उलटला. शेजारचा आजीचा अजून लाल होता. तोही उलटला. कुणी न विचारताच म्हणाले, गुडघे दुखत होते तिचे, आधीच्या बोटीने आली असणार, विसरभोळी आहे. मी तो हात पाहिला, मास्तरीणबाई. माझ्या जिभेवर शब्द आला होता. शेजारी सासूबाई उभ्या होत्या. मी मान खाली घालून आजोबांचे बूट घासले.

फळा पांढरा झाला. वाटाड्यांनी धुक्यात हाका मारल्या, पण फळा पांढरा म्हटल्यावर फार वेळ कोण हाका मारत बसतं? फाट्याच्या तोंडाशी बर्फाचे तुकडे जमायला लागले होते, म्हणून जहाज लगोलग बाहेर काढलं. जेवणाच्या टेबलावर आजोबांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. केबिनमध्ये नाही, डेकवर नाही. परत फिरलो तर फाट्याचं तोंड बर्फाने बुजलेलं. वाट मिळेपर्यंत आजोबा कठड्याला धरून उभे होते आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, मला वाटलं ती आली.

आजी एका खडकाच्या आडोशाला बसलेली सापडली, वाऱ्याकडे पाठ करून. तिला वर आणलं तेव्हा मीच दाराशी होतो. सवयीने माझा हात ब्रशकडे गेला. तिच्या बुटांना मातीचा कण नव्हता. वाट बघता बघता ओढ्यावर जाऊन तिने ते धुऊन ठेवले होते. बोट येईल, परत जाऊ, तेव्हा माझं काम हलकं व्हावं म्हणून. आपल्याला टाकून गेलेत हे तिच्या मनातही आलं नसेल.

नंतर सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. गर्दी होती, तुला काही दिसलं नाही, एवढंच सांग, तुझ्याही भल्याचं आहे. मी चौकशीत सगळं सांगितलं. ओरडलो नाही. आजोबांचा हात, माझी खाली गेलेली मान, सगळं. त्यांनी मला पहिल्या बंदराला उतरवलं. आजोबाही तिथेच उतरले, शवपेटीबरोबर. उतरण्याआधी फळ्यापाशी उभे राहिले. सगळ्यांनी आपापले बिल्ले काढून नेले होते, हे दोनच लटकत होते. त्यांनी आपला काढला. आजीच्या बिल्ल्याकडे हात नेला, मागे घेतला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, तू ओरडला असतास तर मी ऐकलं असतं रे. शिवी दिली असती तरी सोसली असती.

राग गिळायला तू शिकवलंस म्हणून तुला बोल लावतोय असं समजू नकोस. चांगल्यासाठीच सांगत होतीस. कुठला गिळायचा आणि कुठला नाही, हे मला कळलं नाही, एवढंच. आणि आता कळून आजी परत येत नाही.

तर हे पत्र का, ते आता. तुझं उत्तर ऐकायला आलो होतो, त्या संध्याकाळी तुमच्या फाटकाशी मला तू भेटलीच नव्हतीस. दादा आला होता. खिशातले हातसुद्धा न काढता म्हणाला, तिची इच्छा नाही, पुन्हा इकडे फिरकू नकोस. ते तुझंच उत्तर असं मी धरून चाललो. काच फोडली, कॉलेज सोडलं, पृथ्वीचं टोक गाठलं, पण तुला विचारलं नाही. तुझा बिल्ला तू उलटलास की दादाने, हे मला आजही माहीत नाही. आणि आता या लग्नाला 'हो' कुणी म्हटलं, तेही. तू स्वतः म्हणाली असशील तर दोन शब्द लिही. मी तुमच्या गल्लीत पाऊल ठेवणार नाही, एकही काच फुटणार नाही, शपथ. पण ते दोन शब्द तुझ्या हातचे हवेत. आणि तू म्हणाली नसशील, अजून काठावरच उभी असशील आणि सगळ्यांनी तुला आत आलेली धरलं असेल, तर मला हाक मार. मी उतरलोय त्या बंदरातल्या खलाशांच्या वसतिगृहाचा पत्ता मागे लिहिलाय. घरी न्यायला दुसरं जहाज आलं होतं, ते मी जाऊ दिलं. तुझं उत्तर आल्याशिवाय मी हा किनारा सोडत नाही.

उत्तर येईपर्यंत तरी तुझाच,
भडकू