चांदीची जीभ

३ मार्च, रविवार
आणलं ते: वेखंड १० रु., मध ९०, चांदीची जीभ ४२०. सोनार म्हणाला, एवढी पातळ? म्हटलं, लेकरू तीनच वर्षांचं आहे.
अणदूरला जाऊन खंडोबाला वाहिली. आरोही अजून ‘आई’सुद्धा म्हणत नाही. पाडव्यापर्यंत घडाघडा बोलणार. शंकाच नाही.

५ मार्च
वेखंड मधात उगाळून चाटवलं. थुंकली. सासूबाई म्हणाल्या, तूच एवढं बोलतीस, लेकरानं बोलावं कधी? मनाला लावून घेतलं नाही. (दुपारी जेवले नाही, पण ते पित्तामुळं.)
पोर हुशार आहे. नुसता चेहरा बघून माझ्या मनातलं ओळखते.

७ मार्च
अंगणवाडीत तपासणीच्या मॅडम आल्या. म्हणाल्या, बोलत नाही तर आधी कान बघू, शंका आली तर मशीनवरची टेस्ट जिल्ह्याला होते. आरोहीला माझ्याकडं तोंड करून बसवलं आणि पाठीमागून घंटी वाजवली. सगळ्या बायका बघत होत्या. शेजारची गजराबाई तर पुढं सरकून.
मी भुवई उडवली. आरोहीनं मागं बघितलं. परत घंटी, परत भुवई. मॅडमनी ‘नॉर्मल’ लिहिलं.
भुवई उडवली की मागं बघायचं, हा आमचा रोजचा खेळच आहे. ह्याला फसवणूक म्हणत नाहीत. परक्या जागी लेकराला धीर दिला, एवढंच.

८ मार्च, महाशिवरात्र, उपवास
पालखी दारावरून गेली. हलगी इतकी जोरात की शेजारचं तान्हं दचकून रडायला लागलं. आरोही माझ्या मांडीवर गाढ. पापणी हलली नाही. स्वभावानं शांत, वडिलांवर गेली आहे.

११ मार्च
तिच्या पाठीमागं उभं राहून ताट आपटलं. खेळात दंग असेल. परत आपटलं. मग पितळी डबाच टाकला. सासूबाई परसातून ओरडल्या, भांडी फोडायलीस का गं? आरोही बाहुलीचे केस विंचरत होती.
समोर येऊन भुवई उडवली. लगेच मागं बघून हसली.
अंगणवाडीत तिनं घंटी ऐकली नव्हती. मला तिथंच कळलं होतं.

१३ मार्च
मॅडमना फोन करणार होते. पण घरात कुजबुजलं तरी सासूबाईंना ऐकू जातं. पोस्टकार्ड पोस्टमन वाचेल. म्हणून अंतर्देशीय पत्र. त्यातलं इथं उतरवून ठेवते:
“मॅडम, सा. न. तुम्ही ‘नॉर्मल’ लिहिलं, ते माझ्या भुवईमुळं. चारचौघींत लाज वाटली म्हणून खुणावलं. देवालाही मी जीभच वाहिली, कानाचं मागितलंच नाही. मशीनवरची टेस्ट जिल्ह्याला होते म्हणाला होतात. कोणत्या वारी आणू? तपासताना मी खोलीबाहेर थांबेन. उलट टपाली कळवावं.”