थावरूच्या हातातली मशीनगन

३ जाने., शनि.
यवतमाळला नवा युद्धपट पाहिला. पाहिला म्हणजे सोसला. अडीच तास नुसता आरडाओरडा. खंदकात दिवस काढलेल्या शिपायाच्या गणवेशाला इस्त्री, दाढी कातरलेली. मरणारा प्रत्येकजण मरायच्या आधी भाषण करतो. शत्रू म्हणजे काजळ घातलेले दहा-बारा मूर्ख. बाजूची पोरं शिट्या मारत होती. लढाई आहे की वरात?
थावरू सोबत होता. लढाईचा सिनेमा दोघांनी मिळूनच पाहायचा, हे घाटंजीच्या जत्रेतल्या तंबू टॉकीजपासून ठरलेलं. मध्यंतरानंतर खुर्ची रिकामी. बाहेर शोधलं, तर गाड्यांच्या स्टँडजवळ शेंगदाणे खात बसलेला.
"काहून उठला बे?"
"मास्तर, तीन दिवस झाले लढून राह्यले, अन् एकाही गड्यानं पाणी नाही पेलं. चवथ्या दिवशी तसेच मरतीन. गोयी लागाची गरजच नाही."
थावरू खच्चर पलटणीतला माणूस. एकाहत्तरच्या लढाईत डोंगरावर पाणी, पीठ, दारूगोळा याच्याच खच्चरांनी चढवला. बंजारा पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ वाहत देशभर हिंडले, हा खच्चरांवर लढाई वाहत हिंडला. सिनेमा पाहताना त्याचा प्रश्न एकच, हे वर कोणी आणलं?
तिकिटाचे पैसे परत मागावेसे वाटले. नेरला घरी परतताना गाडीत उरलेले शेंगदाणे दोघांनी संपवले.

५ जाने., सोम.
प्रशांतभाऊ येऊन गेला. वाचनालयाचा अध्यक्ष, माझ्या हाताखालून गेलेला, आता मंगल कार्यालय चालवतो. वाचनालयाने मोठा पडदा अन् प्रोजेक्टर घेतला. सव्वीसला संध्याकाळी जुना युद्धपट दाखवायचा. "सर, तुम्हीच निवडा."
दिवसभर त्याच धुंदीत. नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. पोळ्यांचा सिनेमा. काळा-पांढरा. एका चौकीवरचा आचारी सकाळी माणसं विचारून पोळ्या लाटतो. दिवसभर लांबून आवाज येतात, दिसत काही नाही. संध्याकाळी लोक परततात, जेवतात, आणि पोळ्या उरतात. आचारी त्यावर फडकं टाकतो. संगीत नाही, कोणी रडत नाही. तीनदा पाहिला, तिन्ही वेळा त्या फडक्यासाठी. चांगली कविता शेवटच्या ओळीनंतर सुरू होते. पाचवीच्या वर्गात खिडकीबाहेर पाहत बसायचो तेव्हापासून मला ठाऊक आहे हे.
माझा दुसरा आवडता नदीचा. अलीकडे आपले, पलीकडे ते. ते कपडे धुताना गाणं म्हणतात, आपल्या पोरांना चाल पाठ होते. मग हुकूम येतो... त्या सिनेमातून मी घरी पायी आलो होतो, सायकल टॉकीजवरच विसरून.
आणि थावरूचा लाडका, खच्चराचा. सिनेमा मोठा आहे, पण त्याच्या लेखी तो अर्ध्या मिनिटाचाच. खच्चराचा पाय घसरतो, ते दरीत जातं. हाकणारा दोर हातात धरून खाली पाहत उभा. थावरू म्हणाला होता, "दोर पाह्य त्याच्या हातातला. ज्यानं हे काहाडलं, त्यानं पाह्यलं हाय."
झालं. युद्धपटाची याहून मोठी परीक्षा मला सांगता येत नाही. ज्यानं काढलं त्यानं पाहिलं आहे का? सुटल्यावर ओरडावंसं वाटलं तर तो तमाशा. बोलावंसंच वाटलं नाही, तर सिनेमा.

८ जाने., गुरु.
प्रशांतभाऊचा फोन. "सर, तुमचा पिक्चर थोडा स्लो आहे. पब्लिक झोपते." मी भडकलो. म्हटलं, झोपू दे, जागं राहून तरी काय करते तुझी पब्लिक! शेवटी तडजोड. सिनेमा माझा, पण आधी एका माजी सैनिकाचा सत्कार. थावरूचा.
यात माझी हरकत कसली? हरखलोच. परिचय मागितला. शाळेच्या गॅदरिंगसाठी थावरूवर लिहिलेला पोवाडा वहीत होताच, संध्याकाळी येऊन मोबाईलवर फोटो काढून घेऊन गेला. पन्नास वर्षांनी ती वही पुन्हा कामास आली. शाईचा वास अजून आहे. की मला वाटतो?

१४ जाने., बुध. संक्रांत.
आज चौकात हे पाहिलं.
स्टँडच्या चौकात फ्लेक्स. दहा फूट. थावरूचं तोंड (आधार कार्डावरचं असावं, तसंच घाबरलेलं) आणि खाली कोण्या पहिलवानाचं धड. त्याच्या हातात मशीनगन. मागे रणगाडा, जाळ, विमान. खाली माझ्या ओळी:
"धडधड धडधड गन कडाडे, अंबर फाटे रं
एकटा थावरू ठाण मांडुनी वैऱ्या गाठे रं"
आणि त्याखाली, शब्द : आदरणीय सर.
भररस्त्यात फोन लावला. "अरे, काय वेड लागलं का तुला? तो खच्चरं हाकायचा!"
"सर, तुमच्याच पोवाड्यातलं आहे सगळं. शब्द नाही बदलला एक."
फोन ठेवला. तिळगूळ कोणाला दिला नाही. सूनबाईने विचारलं, बीपीची गोळी घेतली का. तिच्यावरही ओरडलो.

१५ जाने., गुरु.
थावरू आला. ऑटोने, एकटा. चहा घेतला नाही. आमच्या ओळखीत प्रथमच.
"मास्तर, फ्लेक्स पाह्यला."
"मीही पाहिला. त्या प्रशांतला मी..."
"त्याले कायले? त्यानं त तुहं वाचलं."
मी चष्मा काढून पुसत बसलो.
तो सांगत गेला. आवाज चढवला नाही, तेच लागलं. "ती गन चालवनारा येगळा होता. त्याले गोया पोचवाले मी तीन फेरे वर गेलतो. चवथ्या फेऱ्यात तो नव्हता. त्याचं बी घर हाय, मास्तर. तथं बी कोनी त्याच्या नावानं दिवा लावत असंन. तू त्याचं उचललं अन् मले देल्लं. सुट्टीवर आलो तवा तुले त्याचं नाव सांगतलं होतं मी. सांग पाहू काय होतं."
नाही सांगता आलं.
"गॅदरिंगच्या दिवशीच म्हटलं होतं तुले, हे खोटं हाय म्हून. तू काय म्हटलं, आठोते?"
आठवते. म्हटलं होतं, कवितेत तेवढं चालते.
"आता एक काम कर. सव्वीसले स्टेजवर सांग. मी येऊन मांगं बसतो. नाही सांगतलं, त तुह्या उंबऱ्यावर मी पाय ठेवत नाही."
काठी टेकत गेला.

१६ जाने., शुक्र.
राग कोणावर काढू? सकाळपासून प्रशांतवर, नव्या सिनेमावाल्यांवर, फ्लेक्स छापणाऱ्यावर काढून पाहिला. कुठेच टिकत नाही. फिरून माझ्याच उंबऱ्याशी येतो.
खरं लिहितो. तेव्हा नोकरीला लागून वर्ष झालं होतं. डोक्यात वीररस. मुलांना डफाच्या ठेक्यावर शिकवायचो. थावरू सुट्टीवर आला, लंगडत. तांड्यावर त्याच्या खाटेवर बसून रात्री-रात्री ऐकलं. बर्फात खच्चराच्या पोटाला हात लावून ऊब घ्यायची, ते मेलं की दोर तेवढा सोडून घ्यायचा. सगळं ऐकलं आणि शेवटी विचारलं काय? "गोळी झाडली का रे?" म्हणाला, "नाही बा."
माझी निराशा झाली होती. ती निराशा अजून आठवते, हीच शरमेची गोष्ट. पोवाड्यात खच्चर बसेना. म्हणून मी त्याला मशीनगन दिली.
गॅदरिंगला त्याची याडी, म्हणजे आई, पुढे बसली होती. म्हातारीने पदराने डोळे पुसले, मला वाटलं कविता जिंकली. मग दरवर्षी मुलांनी म्हटला. तीस वर्षं. अर्धा तालुका मला त्या पोवाड्याने ओळखतो.
आणि मी गाड्यांच्या स्टँडवर उभा राहून त्या सिनेमावाल्याला शिव्या देत होतो! त्याने निदान तिकीट लावलं होतं. मी तर वर्गातल्या मुलांना फुकट पाजलं.

१९ जाने., सोम.
प्रशांतभाऊ घरी. फ्लेक्स उतरवणार नाही. पत्रिका वाटून झाल्या, आमदारसाहेबांचा माणूस येणार.
"सर, आता कायले उकरता? कोणाचं नुकसान झालं? थावरूकाकांना मान मिळते, तुम्हाला मिळते, पोरांना प्रेरणा मिळते."
"प्रेरणा? खोट्याची?"
"सर, तुम्हीच शिकवलं ना, अतिशयोक्ती अलंकार."
चपलेकडे हात गेला होता, आवरला. तो विद्यार्थी आहे, आणि चांगले गुण मीच दिले होते.

२४ जाने., शनि.
भाषण चार वेळा लिहिलं. चारही वेळा सुंदर झालं. फाडलं. माझ्या हाताला सरळ लिहिण्याची सवयच नाही. "काळाच्या पडद्याआड"... कसला पडदा! मी खोटं लिहिलं, एवढंच म्हणायचं आहे. त्यालाही यमक शोधतो मी.

२६ जाने., सोम.
झालं एकदाचं. क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या मीच सजवीन.
सभागृह भरलेलं. थावरू शेवटच्या ओळीत, दाराजवळ. नाव पुकारलं तरी उठला नाही. प्रशांतने मला माईक दिला, "सर, पोवाडा होऊन जाऊ द्या."
मी म्हटलं, "पोवाडा खोटा आहे. थावरूने मशीनगन चालवली नाही. ती चालवणारा दुसरा होता, तो तिथेच गेला, त्याचं नाव मी विसरलो. थावरू त्याला गोळ्या नेऊन देत होता, खच्चरावर. हे मला तेव्हाही माहीत होतं."
टाळ्या! लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रशांतने माईक ओढला, "पाहा, केवढा हा विनय! गुरू असावा तर असा!" पुन्हा टाळ्या. आमदाराच्या माणसाने डोळे पुसल्यासारखं केलं.
मग मात्र माझा तोल गेला. माईक हिसकावला. "विनय नाही, गाढवांनो! खोटं बोललो मी! पन्नास वर्षं! तुमच्या सगळ्यांच्या तोंडून वदवून घेतलं!"
मागून कोणीतरी, "सरची तब्येत बरी नाही वाटते."
बायकांच्या बाजूला थावरूची बायको सोनीबाई बसली होती, नवी साडी नेसून. सत्कार आहे म्हणून आली असावी. ती माझ्याकडे एकटक पाहत होती. तिचा मी विचारच केला नव्हता. मग ती उठून गेली.
सिनेमा लागला. अर्धे लोक गेले. थावरू शेवटपर्यंत बसला. सुटल्यावर खांद्यावर हात ठेवला माझ्या, बोलला नाही. वाटलं, मिटलं.

२८ जाने., बुध.
मिटलं कसलं.
तांड्यावर गेलो, मोकळ्या मनाने. थावरू लिंबाखाली खाटेवर. सोनीबाई तुरीच्या शेंगा सोलत. मला पाहून टोपलं बाजूला सारलं.
"या मास्तरभाऊ. आता काय काहाडाचं रायलं?"
थावरू म्हणाला, "सोने, आत जाय."
"काहून जाऊ? माह्या लग्नाची गोठ हाय." माझ्याकडे वळली. "मास्तरभाऊ, तुमच्या गॅदरिंगले माहा बाप आलता, घाटंजीकडून, बैलं इकाले. त्यानं तो पवाडा आयकला. घरी येऊन याडीले म्हने, पोरगी देईन त त्या मशीनगनवाल्याले. माह्यासाठी दुसरं थळ ठरलं होतं, शिकेल पोराचं, ते मोडलं. लंगड्या पायाले हो म्हटलं मी, काहून त तो पाय लढाईत गेला म्हून."
थावरू उठून बसला. त्यालाही हे नवं होतं, चेहऱ्यावर दिसलं.
"तू कधी बोलली नाहीस," तो म्हणाला.
"अन् तू? मास्तरले सांगतलं खोटं हाय म्हून, त्याच दिवशी. मले पन्नास वर्षात एकडाव सांगतलं? भांडन झालं की मीच म्हनत जाय, मशीनगनीपुढं नाही हालला, बायकोपुढं कायले हालशीन. तू आयकून हासे."
तो म्हणाला, "तुले बरं वाटे म्हून..."
हे माझंच वाक्य. कवितेत तेवढं चालते, याच्यापेक्षा ते वेगळं आहे का? तेव्हा सुचलं नाही, आता लिहिताना जळतंय.
सोनीबाई आत गेली. बाहेर आली ती पिशवी घेऊन. भावाकडे निघाली, माहेरी. सत्तरीची बाई! थावरू म्हणाला, "कवा येशीन?" तिने मान वळवली नाही. आम्ही दोघं म्हातारे रस्त्याकडे पाहत राहिलो, ऑटोची धूळ बसेपर्यंत.
"मास्तर," तो म्हणाला, "तू जाय आता."

१ फेब्रु., रवि.
फ्लेक्स अजून आहे. कोणीतरी थावरूच्या तोंडावर वाढदिवसाचं पोस्टर चिकटवलं. बरंच झालं.
दुपारी थावरूचा फोन. सोनीबाई फोन घेत नाही. भाऊ म्हणतो, ती बोलतच नाही कोणाशी.
"मी उद्या जाऊन राह्यलो घाटंजीले. तिले पयल्यापासून सांगतो. खच्चरं, बर्फ, पाय कसा मोडला ते. पाय लढाईत नाही मोडला मास्तर, खाली उतरतानी घसरलो. तुलेही नव्हतं सांगतलं मी."
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
"तू चाल संगं."
"मी कायले? मला पाहून ती आणखी भडकेल."
"भडकू दे. मी सांगतानी कुठं वाढवलं, त तू टोक मले. पन तू काही सांगाचं नाही. एक शबद नाही."
हो म्हटलं. सकाळी साडेआठची गाडी, यवतमाळला बदलायची. सूनबाई म्हणते, बोलावलं नाही तिथे कशाला जाता बाबा. पिशवीत सवयीने वही-पेन टाकलं होतं, काढून ठेवलं. पुन्हा टाकलं. अजून ठरत नाही.