सवतीच्या बहिणीस घर

मी, शिवम्मा भ्रतार बसलिंगाप्पा हुक्केरी, वय वर्षे बासष्ट, धंदा चटणी कांडप, राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर, माझ्या पश्चात काय व्हावे ते लिहून ठेवते. माझे डोळे, कान आणि डोके जाग्यावर आहे. कोणी भरीस घातलेले नाही. राग आहे, पण रागाच्या भरात लिहीत नाही. दोन वर्षे थांबून लिहिते आहे.

कलम १. शिवाजी पेठेतील दोन खोल्या, पुढची पडवी आणि पडवीतले मिरची कांडायचे यंत्र ही माझी स्वकष्टाची मिळकत आहे. यजमानांचे घोंगड्यांचे दुकान त्यांच्या आजारपणात बुडाले. ते गेल्यावर मी लोकांची चटणी कांडून हे घर माझ्या नावे घेतले. हुक्केरी घराण्याची यात एक वीट नाही. तरीही मृत्युपत्र न करता मी गेले तर हे सगळे यजमानांच्या मुलाकडे जाईल, असे वकिलांनी सांगितले. म्हणून हा खटाटोप.

कलम २. तो मुलगा म्हणजे गुरुसिद्ध, यजमानांच्या पहिल्या पत्नी कै. गंगव्वा यांचा. मी विधवा होते, उडकीने या घरात आले, म्हणजे माझेही हे दुसरे लग्न. गुरुसिद्ध तेव्हा सहा वर्षांचा होता. सासूबाईंनी त्याला माझ्यापुढे उभे केले आणि म्हणाल्या, "हिला चिक्कव्वा म्हण. म्हंजे धाकटी आई." तो म्हणाला, "ही आमची कुणी न्हाय." पोराचे बोलणे मी मनावर घेतले नाही. देवी आल्या तेव्हा मी त्याच्या उशाशी बसले, त्याची शाळा केली, लग्न केले. त्याने मला कधी हाक मारली नाही. "ऐकलं का", "वाढा", नाहीतर नुसते खाकरायचे. सून आली, तिनेही तीच रीत उचलली. खाकरण्याला ओ देत देत मी म्हातारी झाले. पुढे त्याला वारणानगरला नोकरी लागली आणि तो बिऱ्हाड घेऊन गेला.

कलम ३. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मुलीचे लग्न कळंब्याकडच्या एका कार्यालयात झाले. पत्रिकेत माझे नाव नव्हते. तरी मी गेले, कारण नात मांडीवर वाढली होती. मी पुढच्या रांगेत बसले होते. मुलाकडच्या विहीणबाईंनी विचारले, "ह्या कोण वो? तुमच्या कोण लागत्यात?"

गुरुसिद्ध म्हणाला, "लागत न्हाईत कुणी. आमच्यात चटणी करायला होत्या. जुन्या हायत."

विहीणबाई मला म्हणाल्या, "मग मागं बसा की बाई. हितं मानाची माणसं बसणार हायत."

मी उठले. मागच्या रांगेकडे निघाले.

गंगव्वाची धाकटी बहीण निंगव्वा निपाणीकडून आली होती. नवरीची आजी नाही, म्हणून आजीचा मान तिला होता. तिला पाटावर बसवून साडी देत होते. तिने साडी पाटावरच ठेवली आणि माझ्याकडे आली. "अक्का, चल," म्हणाली.

गुरुसिद्ध आडवा आला. "मावशी, कुठं निघालीस? लोकं बघाय लागल्यात."

"बघू देत. माझी अक्का मेली, तिच्या जाग्यावर ही आली. तवापासनं ही माझी अक्का. माझ्या अक्काची जागा मागं असंल तर माझीबी मागंच हाय."

आम्ही दोघी न जेवता पेठेत आलो आणि पिठलं-भाकरी करून खाल्ली. सवतीच्या बहिणीला काय म्हणावे, याला आपल्यात शब्द नाही. मी विचारच करत राहिले असते. तिने पहिल्या भेटीतच मला अक्का म्हटले होते आणि कधी बदलले नाही. ती विधवा, मूलबाळ नाही. तेव्हापासून ती माझ्याकडेच राहते.

कलम ४. म्हणून वरील घर, पडवी आणि यंत्र मी माझी बहीण निंगव्वा हिला देते. तिने ते विकावे, भाड्याने द्यावे किंवा त्यात म्हैस बांधावी. कोणी विचारू नये.

कलम ५. कै. गंगव्वाच्या पाटल्या आणि बोरमाळ पितळी डब्यात आहेत. मी त्या कधी अंगाला लावल्या नाहीत. त्याच्या आईचे आहे, ते गुरुसिद्धला मिळावे. माझ्यातले काही देत नाही.

त्याचेही कारण लिहिते. मागल्या श्रावणात तो मोसंबी घेऊन आला. उंबऱ्यातूनच म्हणाला, "आई, हाईस का?"

माझ्या हातातले सूप खाली पडले. "कुणाला म्हणालास?"

"तुलाच की."

खरे लिहिते, घटकाभर वाटले, घर, यंत्र, सगळे याच्या पदरात टाकावे. मी चहा केला. चहा संपेपर्यंत तो आई, आई करत होता. मग कप खाली ठेवून म्हणाला, "आई, घराच्या उताऱ्यावर नाव कुणाचं हाय?"

मी म्हणाले, "चटणीवालीचं." मोसंबी त्याच्या पिशवीत परत घातली.

कलम ६. त्याच्या विहीणबाईंना लवंगी मिरचीची एक बरणी पाठवावी. "जुन्या कामवाल्या बाईकडून" असे तोंडी सांगावे आणि त्या काय म्हणतात ते ऐकूनच परत यावे.

कलम ७. माझी माती आमच्या रीतीने करावी. गुरुसिद्धने खांदा देऊ नये. आला तर हाकलू नये, पण त्याला शेजाऱ्यांसमोर विचारावे, "पावणं, तुम्ही कोण लागता?" उत्तर त्याने स्वतःच्या तोंडाने द्यावे. कोणी त्याला शब्द सुचवू नये.

कलम ८. पेपरात बातमी द्यावी. त्यात शेवटी एवढेच असावे: "त्यांच्या पश्चात एक बहीण आहे." कोणी त्यात मुलगा, सून, नात घालायला सांगितले तर हा कागद दाखवावा.

हे सर्व मी सांगितले, वकील सयाजीराव यांनी लिहिले व मला वाचून दाखवले. अंमलबजावणी त्यांनीच करावी. निंगव्वाला यातले काही माहीत नाही. ऐकून ती रडेल. दुसरे कोणी रडल्यास ते खरे धरू नये.

सही: शिवम्मा भ्रतार बसलिंगाप्पा हुक्केरी

साक्षीदार:
१. बाबालाल इमाम मुजावर, शिंपी, शेजारी
२. गणपतराव दाजी सुतार, राहणार शिवाजी पेठ

ठिकाण: कोल्हापूर
तारीख: ११ नोव्हेंबर १९८३